सोलापूर–गोवा विमान: अंतर एकच, मग वेळ वेगवेगळी का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापूरहून गोव्याची विमानसेवा ९ जून २०२५ रोजी सुरू झाली. ही सेवा मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावर जाते. या एकाच मार्गाचे अंतर २५७, २६५, ३०५ किंवा ३३५ किलोमीटर असे चार प्रकारे सहज निघू शकते. त्यांतला एकच आकडा बरोबर आहे, तो ३०५. उरलेले तीन नेमक्या कोणत्या चुकीतून येतात हेही सांगता येते. प्रवासवेळेचा गोंधळ त्याहून मोठा. ‘अर्ध्या तासात गोवा’ असा मथळा वाचून जो माणूस पुढची गाडी किंवा बैठक ठरवतो, त्याची गाडी हमखास चुकते. म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

आधी अंतर. ते कागद-पेन्सिलीने काढता येते, कोणत्याही ॲपची गरज नाही. सोलापूर विमानतळ साधारण १७ अंश ३८ मिनिटे उत्तर अक्षांश आणि ७५ अंश ५६ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. मोपा आहे १५ अंश ४४ मिनिटे उत्तर आणि ७३ अंश ५२ मिनिटे पूर्व. अक्षांशांतला फरक १ अंश ५४ मिनिटे, म्हणजे ११४ मिनिटे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल. सागरी मैलाची मूळ कल्पनाच तिथून आली. तेव्हा दक्षिणेकडे ११४ सागरी मैल. रेखांशांतला फरक २ अंश ४ मिनिटे, म्हणजे १२४ मिनिटे. पण रेखांश ध्रुवाकडे जवळ येत जातात, म्हणून या आकड्याला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचे. इथे मधला अक्षांश सुमारे १६ अंश ४१ मिनिटे, कोसाइन ०.९५८. गुणाकार ११९. म्हणजे पश्चिमेकडे ११९ सागरी मैल. आता पायथागोरस: ११४ चा वर्ग १२,९९६, ११९ चा वर्ग १४,१६१, बेरीज २७,१५७, वर्गमूळ १६५ ला किंचित कमी. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. उत्तर ३०५ किलोमीटर.

पृथ्वी गोल आहे, मग सपाट कागदावरचा पायथागोरस कसा चालेल, असा प्रश्न शिक्षक मंडळी विचारतील. महाराष्ट्राच्या अक्षांशांवर आणि सात-आठशे किलोमीटरच्या आत या रीतीने येणारी चूक एखाद-दुसऱ्या किलोमीटरची असते. विमानतळाचा मध्यबिंदू धावपट्टीवर नेमका कुठे धरला यानेही तेवढा फरक पडतो. ज्यांना ही रीत वापरायची आहे त्यांनी तीन कोसाइन लक्षात ठेवावेत: १६ अंशांना ०.९६१, १८ ला ०.९५१, २० ला ०.९४०. राज्यातल्या विमानतळांच्या बहुतेक जोड्या एवढ्यावर सुटतात.

आता चुका. २६५ चा आकडा मैलांमुळे येतो. वैमानिक आणि नियंत्रक सागरी मैलांत बोलतात. कुणी ‘१६५ मैल’ ऐकतो आणि शाळेत शिकलेल्या १.६०९ ने गुणतो. चाळीस किलोमीटर तिथेच गळून पडतात. ३३५ चा आकडा चुकीच्या विमानतळाचा. गोव्यात दोन विमानतळ आहेत. दाबोळी १५ अंश २३ मिनिटांवर, वास्कोजवळ. मोपा उत्तरेला पेडणे तालुक्यात, जानेवारी २०२३ पासून सुरू. दोघांमध्ये सरळ रेषेत सुमारे ३९ किलोमीटर आहेत आणि रस्त्याने बरेच जास्त. संकेतस्थळावर नुसते ‘गोवा’ लिहिले की बहुतेक वेळा दाबोळी उघडते, कारण विमानतळांच्या तीन अक्षरी संकेतांपैकी (कोड) जुना तिचा आहे. दाबोळीचा जीओआय (GOI), मोपाचा जीओएक्स (GOX). तिकिटावरच्या या संकेताचे तिसरे अक्षर पाहायची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. ती न लागल्याने नातेवाईक एका विमानतळावर आणि पाहुणे दुसऱ्या विमानतळावर, असे प्रसंग घडू शकतात.

२५७ ची चूक सर्वांत फसवी. १७ अंश ३८ मिनिटे हे ‘१७.३८’ असे लिहिले जाते आणि पुढे कुणीतरी त्याला दशांश समजतो. खरे दशांश मूल्य १७.६३ आहे, कारण एका अंशात साठ मिनिटे असतात, शंभर नव्हे. तसेच ७५ अंश ५६ मिनिटांचे खरे मूल्य ७५.९३, ७५.५६ नव्हे. सोलापूरचा आकडा असा चुकीचा आणि मोपाचा दुसऱ्या ठिकाणाहून बरोबर घेतला, की अंतर १३९ सागरी मैल, म्हणजे २५७ किलोमीटर निघते. गंमत अशी की दोन्ही ठिकाणी हीच चूक केली तर या जोडीत त्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि उत्तर पुन्हा १६५ च्या आसपास येते. करणाऱ्याला वाटते की आपली रीत बरोबर आहे, आणि पुढच्या जोडीत तो फसतो. म्हणून आकडे घेताना अंश-मिनिटे आहेत की दशांश, हे आधी पाहावे. दशांश चिन्हानंतर ६० पेक्षा मोठा आकडा दिसला तर ती मिनिटे असूच शकत नाहीत. छोटा दिसला तर खात्री करून घ्यावी.

ही ३०५ किलोमीटरची रेषा नकाशावर ओढली तर ती नैर्ऋत्येला, सुमारे २२६ अंशांच्या दिशेने जाते. जतजवळून ती कर्नाटकात उतरते, अथणीच्या थोडी उत्तरेकडून चिक्कोडी आणि संकेश्वरवर येते, पुन्हा महाराष्ट्रात गडहिंग्लजजवळून आजरा आणि चंदगडच्या मधून सह्याद्री गाठते आणि आंबोलीच्या जरा दक्षिणेने खाली उतरून मोप्याला पोहोचते. विजयपूर–बेळगावमार्गे रस्त्याने हेच अंतर चारशे किलोमीटरच्या वर जाते. मात्र विमानही या रेषेवरून तंतोतंत जात नाही. निघण्याचा आणि उतरण्याचा ठरलेला मार्ग, मधले नियंत्रण-बिंदू आणि ढग चुकवणे या सगळ्यांनी पाच-दहा टक्के वाढ सहज होते. छापायचे अंतर ३०५ च असावे, पण त्याआधी ‘सरळ रेषेत’ हे दोन शब्द असावेत.

खरी गुंतागुंत वेळेची आहे. अनेक संकेतस्थळे सर्व विमानांना ताशी आठशे किलोमीटर वेग धरतात. ३०५ भागिले ८०० म्हणजे २३ मिनिटे. ‘अर्ध्या तासा’चा मथळा इथूनच जन्मतो. या मार्गावर मात्र एटीआर ७२-६०० हे सत्तरेक आसनांचे, दोन पंख्यांचे टर्बोप्रॉप विमान आहे. ते वर पोहोचल्यावर सुमारे २७० नॉटने (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल), म्हणजे ताशी ५०० किलोमीटरने जाते. आणि तो वेगही त्याला प्रवासाच्या अर्ध्याहून कमी भागात मिळतो. कसे ते पाहू.

पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाला सम हजारांची पातळी मिळते, १४, १६ किंवा १८ हजार फूट. पूर्वेकडे येणाऱ्याला विषम, १३, १५, १७. समजा १६ हजार फूट मिळाली. सोलापूर विमानतळच समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० फुटांवर आहे. उरलेले १४,४०० फूट चढायला, मिनिटाला सरासरी ११०० फूट धरले तर, १३ मिनिटे. तेवढ्यात ४५ सागरी मैल कापले जातात. उतरताना ढोबळ नियम असा, की दर हजार फुटांना तीन सागरी मैल. म्हणजे मोप्याच्या ४८ मैल आधीच उतरण सुरू होते. त्याला बारा-तेरा मिनिटे. दोन्ही टोके वजा केली की पूर्ण वेगाने जाण्यासाठी उरतात फक्त ७२ मैल, १६ मिनिटे. एकूण ४१-४२ मिनिटे. त्यातही सुरुवातीचे वळण आणि शेवटी धावपट्टीच्या रेषेत येणे धरले की हवेतला वेळ ४८ ते ५० मिनिटांवर जातो.

पण प्रवासी हवेत बसत नाही, खुर्चीत बसतो. दार बंद होऊन चाकांपुढचे ठोकळे निघाल्यापासून ते दुसरीकडे ठोकळे लागेपर्यंतच्या वेळेला विमान कंपन्या ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात आणि वेळापत्रकात तोच असतो. लहान विमानतळांवर धावपट्टीला समांतर टॅक्सीवे (विमान चालत नेण्याचा रस्ता) बहुधा नसतो. विमान धावपट्टीवरूनच एका टोकापर्यंत हळू चालत जाते, तिथे वळते आणि मग धावते. दोन किलोमीटरची धावपट्टी १५ नॉटच्या वेगाने चालून जायला चार मिनिटांच्या वर लागतात. वारा सोयीचा असला आणि जवळच्या टोकाकडून उड्डाण झाले तर ती वाचतात. इंजिन सुरू करणे, तपासणी आणि हे चालणे मिळून सात-आठ मिनिटे, मोप्याला उतरल्यावर थांब्यापर्यंत पाच-सहा. बेरीज ६० ते ६४ मिनिटे. त्यावर कंपनी पाच-दहा मिनिटांची सोय ठेवते. ती ठेवावीच, कारण एकच विमान दिवसभर अनेक फेऱ्या करते आणि सकाळच्या पहिल्या फेरीचा उशीर संध्याकाळच्या शेवटच्या फेरीपर्यंत मागे लागतो. तेव्हा या मार्गाचा प्रामाणिक वेळ एक तास पाच ते एक तास पंधरा मिनिटे.

वाचकांना तोंडी हिशेब हवा असेल तर तो असा. एटीआर असेल तर किलोमीटरला ५०० ने भागा आणि अर्धा तास मिळवा. इथे ३७ अधिक ३०, म्हणजे ६७ मिनिटे. जेट असेल तर ८०० ने भागा आणि तोच अर्धा तास मिळवा. हा अर्धा तास दोन्हीकडे सारखा राहतो, कारण तो चढणे, वळणे, रांगेत येणे आणि जमिनीवर चालणे यांचा आहे. म्हणूनच तीनशे किलोमीटरवर जेट आणि एटीआर यांत जेमतेम पाव तासाचा फरक पडतो. अंतर वाढले की चित्र बदलते. कोल्हापूर–नागपूर घ्या: याच रीतीने ३७९ सागरी मैल, सुमारे ७०० किलोमीटर. पन्नास ते पंचाहत्तर आसनांच्या एम्ब्रेअर जेटने साधारण एक तास पंचवीस मिनिटे, एटीआरने एक तास पंचावन्न. तिथे जेटची निवड समजते; सोलापूर–गोव्याला टर्बोप्रॉपच शहाणपणाचे, कारण इंधन बरेच कमी लागते आणि छोटी धावपट्टीही पुरते.

जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा का नसतो, असे पुष्कळ जण विचारतात. जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिम किनाऱ्यावर पाच हजार फुटांच्या आसपास पश्चिमेचा जोरदार वारा असतो. वर जाल तसा तो ओसरतो. पूर्ण प्रवासावर सरासरी २५ नॉटचा समोरचा वारा धरला तर ४२ मिनिटांची ४७ होतात. येताना तोच वारा पाठीशी येतो आणि ३८ लागतात. नऊ मिनिटांचा फरक एकट्या वाऱ्याचा.

पण वारा एका हाताने घेतो ते दुसऱ्या हाताने थोडे परत देतो. मोप्याची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. पश्चिमेचा वारा असताना विमान पूर्वेकडून येऊन समुद्राकडे तोंड करून उतरते. सोलापूरहून येणाऱ्याला ते सोयीचे. तो जवळजवळ थेट रेषेत येतो. हिवाळ्यातल्या सकाळी वारा जमिनीकडून असेल तर उलट बाजूने उतरावे लागते. मग समुद्रावर वळसा घालून यायचे, वीस-पंचवीस मैल जादा, सहा ते आठ मिनिटे. खिडकीतून धावपट्टी दिसून गेली आणि तरी विमान पुढे अरबी समुद्रावर चालले आहे, हे पाहून घाबरायचे काहीच कारण नाही. सोलापूरची धावपट्टी वायव्य-आग्नेय आहे आणि जायचे नैर्ऋत्येला, त्यामुळे कोणत्याही बाजूने उडाले तरी मोठे वळण आलेच. तिच्या मार्गातली साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली, हे सोलापूरकरांना सांगायला नको. सरळ रेषेतले अंतर त्या चिमणीने एक मीटरही वाढवले नव्हते, तरी ती असेपर्यंत नियमित सेवेची वाट मोकळी नव्हती. अंतराच्या आकड्यात विमानतळाची उपयोगिता दिसत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण आपल्या भागात नाही.

उन्हाळ्याचा प्रश्न वेगळा. मे महिन्यात दुपारी सोलापुरात ४२ अंश असतात, तेव्हा हवा विरळ होते, चढाई मंदावते आणि दोन-तीन मिनिटे जादा जातात. त्यात पठारावरची तापलेली हवा विमानाला हिंदोळे देते. अशा वेळी वैमानिक वेग उतरवून १८० नॉटच्या आसपास आणतो. तो या विमानाचा धक्क्यांच्या हवेतला ठरलेला वेग आहे. पट्टे बांधून बसा, ही सूचना त्यासाठीच असते. सकाळची फेरी शांत असते. दुपारच्या फेरीत लहान मुले आणि उलटीचा त्रास होणारी माणसे असतील तर पंखांच्या रेषेतली आसने मागावीत, तिथे हिंदोळा सर्वांत कमी जाणवतो.

पावसाळ्यात शेवटचे तीस किलोमीटर निर्णायक. आंबोली ते मोपा सरळ रेषेत २८ किलोमीटर आहेत आणि आंबोलीइतका पाऊस राज्यात फार थोड्या ठिकाणी पडतो. घाटमाथा ओलांडेपर्यंत विमानाला फार खाली येता येत नाही. पलीकडे पाऊस जोरात असेल तर वरच घिरट्या घालाव्या लागतात. एक घिरटी म्हणजे चार मिनिटे: एक मिनिट सरळ, एक वळण, पुन्हा एक मिनिट सरळ, पुन्हा वळण. चार घिरट्या झाल्या की पाव तास गेला. त्यासाठीचे इंधन विमानात असतेच. पर्यायी विमानतळापर्यंतचे आणि त्यावर आणखी ३० मिनिटे घिरट्यांचे इंधन घेतल्याशिवाय विमान निघत नाही. मात्र या राखीव इंधनाला हात लागण्याआधीच वैमानिक पर्यायी विमानतळाकडे वळतो, आणि तेच योग्य. त्या दिवशी वेळेचा कोणताही हिशेब लागू पडत नाही.

लहान विमानतळांबाबत आणखी एक गोष्ट बातम्यांत कधी येत नाही. ज्या विमानतळाला केवळ डोळ्यांनी पाहून उड्डाण करण्याचा परवाना असतो, तिथे पाच किलोमीटर दृश्यमानता आणि ढगांचा तळ किमान १५०० फूट लागतो. अशी उड्डाणे सूर्योदयाच्या २० मिनिटे आधीपासून सूर्यास्तानंतर २० मिनिटांपर्यंतच चालतात. जानेवारीत पहाटेचे धुके आठ-साडेआठपर्यंत राहिले की साडेसातची फेरी उशिरा निघणारच. प्रवाशांनी काउंटरवरच्या कर्मचाऱ्याशी भांडून धुके हटत नाही. उपकरणांच्या साह्याने उतरण्याची सोय आणि तिचा परवाना मिळाला की हा त्रास खूप कमी होतो. लोकप्रतिनिधींनी नव्या मार्गांची मागणी करण्याआधी आपल्या विमानतळावर ही सोय कोणत्या टप्प्यावर आहे हे विचारावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. धावपट्टी लांबवण्याइतकेच ते महत्त्वाचे आहे.

अंतराचा आकडा केवळ माहितीपुरता नसतो, त्याला पैशाचाही संबंध आहे. ‘उडान’ योजनेत भाड्याची मर्यादा अंतराच्या टप्प्यांवर ठरते. सुरुवातीला सुमारे ५०० किलोमीटर किंवा एका तासाच्या प्रवासाला २,५०० रुपये, असे ते सूत्र होते. योजनेतल्या एखाद्या मार्गाचे अंतर पन्नास किलोमीटरने चुकीचे छापले तर वाचक चुकीच्या टप्प्याचे भाडे मनात धरतो आणि तक्रार करतो.

आता घरातून निघून पणजीला पोहोचेपर्यंतचा हिशेब. सोलापूर शहरातून होटगी रस्त्यावरच्या विमानतळापर्यंत २० ते ३० मिनिटे. सुटण्याआधी ९० मिनिटे पोहोचावे; काउंटर कधी बंद होतो ते तिकिटावर पाहावे, बऱ्याच कंपन्यांचा तो तासभर आधीच बंद होतो. विमानात ७० मिनिटे. सामान मिळायला १५ ते २०. मोप्याहून पणजी पाऊण ते एक तास, मडगाव त्याहून बरेच जास्त. सावंतवाडी मात्र अगदी जवळ, आणि दक्षिण सिंधुदुर्गात जाणाऱ्या सोलापूरकरांना हे विमान पणजीकरांपेक्षाही सोयीचे पडते. पणजीपर्यंत एकूण चार ते साडेचार तास. रस्त्याने नऊ तासांच्या आसपास लागतात, म्हणजे निम्मा वेळ वाचतो. ही बचत भरपूर आहे. ती सांगण्यासाठी ‘अर्ध्या तासा’ची गरज नाही. मोप्याहून पुढचे विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर मध्ये किमान तीन तास ठेवावेत. वेगळ्या तिकिटावर पहिले विमान उशिरा आले तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. आणि वेळेच्या १५ मिनिटांच्या आत पोहोचलेले विमान हिशेबात ‘वेळेवर’च धरले जाते, हेही ध्यानात असू द्यावे.

आपल्या दैनिकाला विनंती एवढीच, की नव्या मार्गाची बातमी देताना विमानतळाचे पूर्ण नाव, सरळ रेषेतले अंतर किलोमीटरमध्ये, विमानाचा प्रकार आणि वेळापत्रकातला जाण्याचा व येण्याचा वेळ वेगवेगळा द्यावा. उदाहरणार्थ: ‘सोलापूर–मोपा, सरळ रेषेत ३०५ किमी, एटीआर ७२, दारापासून दारापर्यंत नव्हे तर थांब्यापासून थांब्यापर्यंत सुमारे एक तास दहा मिनिटे.’ दोन ओळींत मावते. येत्या काळात राज्यातल्या आणखी छोट्या विमानतळांवरून फेऱ्या सुरू होतील, तेव्हा हीच चौकट वापरता येईल.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
सोलापूर